‘माझी मैना’ : एका गाण्यातील दोन मौने

अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड ज्याने ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम असो, कामगारांचा मेळावा असो की एखाद्या महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन असो; डफावर थाप पडते, शाहीर पहिली ओळ उचलतो आणि माणसे ताल धरतात. या लोकप्रियतेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या गाण्याच्या लावल्या गेलेल्या अर्थाबद्दल.

आपल्या प्रस्थापित समीक्षेने या गाण्याचे दोन अर्थ सांगितले. पहिला असा की, ही विरहाची एक गोड लावणी आहे. दुसरा असा की, मैना हे रूपक आहे. गावाकडे राहिलेली मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव-कारवारचा मराठी मुलूख. हे दोन्ही अर्थ खोटे नाहीत. दुसरा तर खुद्द शाहिरानेच गाण्याच्या अखेरीस उघड करून सांगितलेला आहे. परंतु हे अर्थ सांगून समीक्षक मोकळे झाले. हे गाणे लिहिणारा माणूस गावाच्या कोणत्या भागातून आला आणि मुंबईने त्याच्यासारख्यांना कोणत्या दाराने आत घेतले, हा प्रश्न त्यांना पडला नाही. ज्याला गाव होते त्याने गावावर राहिली म्हणणे वेगळे आणि ज्याला गावाने कुसाबाहेर ठेवले त्याने तेच शब्द म्हणणे वेगळे. हा फरक ज्या समीक्षेला ऐकू येत नाही तिचे कान तपासले पाहिजेत.

मात्र मला केवळ प्रस्थापितांना जाब विचारायचा नाही. आपल्या चळवळीलाही विचारायचा आहे आणि त्याची सुरुवात माझ्या घरापासून करतो.

माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत रिंगखात्यात होते. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. आई आम्हा भावंडांना घेऊन गावी. महिन्याला मनिऑर्डर, वर्षाकाठी शिमग्याला किंवा मे महिन्यात दादांची पंधरा दिवसांची फेरी. दादा छप्पन्न साली बौद्ध झाले. चौदा एप्रिलला आमच्या वस्तीत रात्रभर गाणी चालत. वामनदादा कर्डकांची गाणी तर आम्हा पोरांना पाठ होती. पण ‘माझी मैना’ त्या मंडपात मी कधी ऐकली नाही. ती दादा घरात, दाढी करताना, अर्ध्या आवाजात म्हणत. एकदा मी विचारले, ‘‘दादा, हे गाणं जयंतीला का म्हणत नाहीत?’’ ते म्हणाले, ‘‘ते लाल बावट्याचं हाय.’’ आणि थोड्या वेळाने, जणू अपुरे राहिलेले पुरे करावे तसे, ‘‘आन् साठे मांग.’’

या दोन वाक्यांत आपल्या चळवळीचा एक इतिहास आहे. १९२८ च्या गिरणी संपापासून कम्युनिस्टांशी बाबासाहेबांचे मतभेद होते. १९३८ साली ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून संप केला. पण ते मीलन टिकले नाही. १९५२ च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांचा पराभव झाला, तेव्हा कम्युनिस्टांनी घेतलेली भूमिका आपल्या लोकांनी विसरणे शक्यच नव्हते. दादांचे पहिले वाक्य या अनुभवातून आले होते. त्याला आधार होता. दुसऱ्या वाक्याला मात्र कोणताही आधार नव्हता. ते वाक्य आपण जातीकडून उसने घेतले होते आणि जात सोडल्यावरही परत केले नव्हते. ज्या माणसाने ‘फकिरा’ ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, ज्याने १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले, त्याचे गाणे आम्ही जयंतीच्या मंडपात येऊ दिले नाही. ही कबुली दिल्याशिवाय या गाण्याविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही.

आता गाण्याकडे वळू.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात, वाळवे तालुक्यातील वाटेगावचा. शाळा नावापुरती. घरच्यांबरोबर पायी चालत मुंबई गाठलेला हा मुलगा. हमाली, फेरीवाल्याचे काम, गिरणीतले काम, पुढे कम्युनिस्ट पक्षाचे काम. १९४४ च्या सुमारास अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लालबावटा कलापथक उभे केले. मुंबई सरकारने या कलापथकाच्या खेळांवर बंदीही घातली. सत्तेला तमाशातल्या बीभत्सतेची कधी भीती वाटली नव्हती इतकी या माणसांच्या डफाची वाटली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

योगायोगाची गोष्ट अशी की, पठ्ठे बापूराव हेही याच वाळवे तालुक्यातले, रेठरे हरणाक्षचे. जन्माने ब्राह्मण, श्रीधर कुलकर्णी. त्यांच्या लावण्या महार समाजातील पवळाबाईने फडावर गाजवल्या. बापूरावांनी मुंबईच्या वैभवाची लावणी लिहिली होती. तिला उत्तर म्हणून अण्णाभाऊंनी आपली मुंबईची लावणी लिहिली आणि तीत वैभवाच्या शेजारी कष्टकऱ्यांची मुंबई उभी केली. पण माझ्या मते बापूरावांना अण्णाभाऊंनी दिलेले खरे उत्तर ‘माझी मैना’त आहे.

कसे ते पाहू. लावणी आणि छक्कड हा फडावरचा माल. तिथे बाई समोर उभी असते. तिच्या रूपाचे वर्णन चालू असताना हजार डोळे तिच्यावर फिरत असतात आणि शिट्ट्यांबरोबर पैसेही पडतात. ती बाई बहुतेक वेळा आपल्या जातीतली असते. कोल्हाट्याची, महाराची, मांगाची. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी देऊ केलेला निधी बाबासाहेबांनी परत केला, कारण तो आपल्या भगिनींना नाचवून मिळवलेला होता, अशी आठवण चळवळीत सांगितली जाते. ती शब्दशः कशी घडली हा भाग निराळा. पण ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली यावरून शृंगाराच्या या कलेकडे आपण कोणत्या नजरेने पाहत आलो हे दिसते. ती नजर योग्यच होती.

अण्णाभाऊंनी हाच साचा हातात घेतला. त्यांच्या छक्कडीतही रूपाचे वर्णन आहे. बांधा, रंग, चाल, सगळे आहे. पण बाई फडावर नाही. ती आपल्या घरी आहे, आणि तिला पाहणारा एकच माणूस आहे, तोही आता तिच्यापासून शेकडो मैलांवर. म्हणजे जे रूप आजवर विकाऊ होते ते या गाण्यात एका मजुराच्या आठवणीत जाऊन बसले. प्रेक्षकांना पाहायला काही उरलेच नाही. उरले ते ऐकायला, आणि ऐकायचे तर त्या मजुराचे दुःख ऐकावे लागते. लावणीच्या इतिहासात ही लहान घटना नव्हे. दलित स्त्रीला फडावरून उतरवून पत्नीच्या प्रतिष्ठेने उभे करण्याचे काम या गाण्याने केले आणि तेही लावणीचा ठेका न सोडता केले. आमच्या मंडपांना हे कळले नाही.

आता ‘गावावर’ या शब्दाकडे पाहू. पुष्कळ ठिकाणी हे गाणे ‘गावाकडं’ असे म्हटले जाते. ‘गावावर’ हा आमच्या दक्षिण साताऱ्याकडचा वळसा. अर्थ एकच. पण या गावाविषयी गाण्यात काय आहे ते शोधून पाहा. मराठी कवितेत गावाची ओढ म्हटली की काय काय येते? नदी, देऊळ, पार, आंब्याची झाडे, ओसरी. या गाण्यात यातले काहीही नाही. निघण्याची वेळ पहाटेची आहे, भाकरीची बांधाबांध आहे, नवऱ्याला वाटेला लावायला आलेली बायको आहे आणि गावदरीला येऊन तिचे कोमेजणे आहे. गावदरी म्हणजे गावालगतच्या शिवाराची कड. गाण्यातील गाव एवढेच. शाहीर मैनेसाठी झुरतो. गावासाठी तो एकदाही उसासा टाकत नाही.

हे सहज घडलेले नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी भारतीय खेड्याविषयी जे सांगितले ते आपल्याला ठाऊक आहे. ज्या खेड्याचे देशभर गोडवे गाइले जात होते ते संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे घर आहे, असे त्यांनी भर सभेत बजावले. अण्णाभाऊंनी ते भाषण वाचले होते की नाही, याने फरक पडत नाही. दोघांनाही ते गाव ठाऊक होते. मांगवाड्यातून निघालेल्या माणसाला पार आठवायचा तर कसा आठवणार? त्या पारावर तो बसलाच नव्हता. म्हणून त्याच्या आठवणीत माणूस राहिले आणि गाव गळून पडले. मात्र अण्णाभाऊ हे कारण बोलत नाहीत. त्यांच्या गाण्यात ताटातुटीचे कारण गरिबी आहे. गरिबी खरीच होती. पण ती कुणाच्या वाट्याला का आली, हे सांगणारा शब्द या गाण्यात नाही. हे या गाण्यातले पहिले मौन.

हेच मौन मुंबईत पुढे चालू राहते. गाण्यातला मजूर बेकारांच्या गर्दीत सामील होतो, उन्हापावसात राबतो. पावसात भिजतो, कारण त्याच्यापाशी साधी छत्री नाही. हे वर्णन इतके अस्सल आहे की ऐकताना दादांचा ओला सदरा माझ्या डोळ्यांपुढे येतो. पण दादा रिंगखात्यातच का होते? साचेखात्यात पगार जास्त होता. तिथे आमच्या माणसांना घेत नसत. धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक विणकराला तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेले सूत सवर्ण कामगाराला चालत नसे. संप सर्वांनी मिळून करायचा, पण साचा मिळून चालवायचा नाही, असा हा कामगारांचा एकोपा. बाबासाहेबांनी १९२० च्या दशकाअखेरच्या संपांच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. ‘माझी मैना’त कामगार आहे, शेतकरी आहे, मध्यमवर्गीयही आहे, हे सगळे एका फौजेत उभे राहतात. त्या फौजेतल्या एका शिपायाच्या तोंडचे सूत दुसऱ्याला चालत नव्हते, हे गाण्यात नाही.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही गाण्याकडून प्रबंधाची अपेक्षा करता. तसे नाही. अण्णाभाऊंना जात दिसत नव्हती असे म्हणणे हा शुद्ध अडाणीपणा होईल. त्यांच्या कथा आणि ‘फकिरा’ वाचा. बाबासाहेबांना उद्देशून लिहिलेल्या ‘जग बदल’ या गीतात तर त्यांनी वर्ग आणि वर्ण यांची गाठ स्वतःच बांधून दाखवली. मग ‘माझी मैना’त ती का नाही? माझे उत्तर असे आहे की, हे गाणे एका आघाडीसाठी लिहिलेले होते. संयुक्त महाराष्ट्र समिती ६ फेब्रुवारी १९५६ रोजी स्थापन झाली. तीत कम्युनिस्ट होते, समाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष होता आणि आपले शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनही होते. आघाडीच्या गाण्यात सगळ्यांना चालेल तेवढेच दुःख बसते. जे दुःख आघाडीतल्याच कोणाकडे बोट दाखवते ते बाहेर ठेवावे लागते. अण्णाभाऊंनी ते बाहेर ठेवले. हा त्यांचा दोष म्हणण्याऐवजी त्यांच्याकडून घेतली गेलेली किंमत म्हणावी असे मला वाटते.

संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न आपल्यासाठी सरळ नव्हताच. १९५५ साली भाषावार राज्यांवरील आपल्या पुस्तकात बाबासाहेबांनी मराठी मुलखाचे एकच राज्य सुचवले नव्हते. मुंबई, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र असे चार भाग सुचवले होते. मोठ्या राज्यात मोठ्या जातीची सत्ता अल्पसंख्यांना चिरडील ही त्यांची भीती होती. तरीही पुढे आपली माणसे या लढ्यात उतरली, मुंबईच्या रस्त्यांवर गोळ्यांना सामोरी गेली. शंभरावर माणसे मेली. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव, कारवार, निपाणी बाहेर राहिले, डांगही गेला. गाण्यात विजयाची गुढी उभी राहते आणि त्याच श्वासात शाहीर सांगतो की, मैनेची भेट झालेली नाही. विजयाच्या गाण्यात पराभव सांगण्याचे हे धैर्य मला फार मोठे वाटते. बाकीचे शाहीर पोवाडे गात असताना हा माणूस काय राहिले ते मोजत होता. महाराष्ट्राने बेळगावसाठी २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. म्हणजे त्या अर्थाची मैना अजून पुढाऱ्यांच्या तोंडी तरी आहे. पण जी हाडामांसाची मैना होती, तिचे काय झाले? तिच्यासाठी कोणी दावा लावला?

इथे या गाण्यातले दुसरे मौन सुरू होते. मैना बोलत नाही. संबंध गाण्यात ती एक शब्द उच्चारत नाही. नवरा तिला हसवण्याची पराकाष्ठा करतो. पत्रे पाठवीन म्हणतो, दागिने करीन म्हणतो. कोल्हापुरी साजापासून नथीपर्यंत यादी सांगतो. हे सगळे दागिने गावातल्या जमीनवाल्या घरांतले आहेत, हे ध्यानात घ्या. ज्याला छत्री घेता येणार नाही असा माणूस पाटलिणीच्या अंगावरचे सोने आपल्या बायकोला कबूल करतो. यात थट्टा नाही. ज्यांना नाकारले गेले त्यांचे ते स्वप्न आहे. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना जातीची खूण सांगणारे दागिने टाकून द्यायला सांगितले होते. एकीकडे ते टाकणे आणि दुसरीकडे हे मागणे, दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : अंगावर काय असावे हे गावाने ठरवायचे नाही. पण मैना या यादीलाही फुलत नाही. ती न हसता उभी राहते. तिला काय ठाऊक होते, जे त्याला ठाऊक नव्हते?

मला वाटते, तिला पुढची वर्षे ठाऊक होती. माझ्या आईला मी एकदा हे गाणे पूर्ण ऐकवले. विठ्ठल उमपांसारख्या गायकांनी हे गाणे पुढच्या पिढ्यांपर्यंत जिवंत ठेवले, तशीच एक ध्वनिफीत होती. आई शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘‘त्येला गाणं म्हणायला येळ तर हुता.’’ आणि उठून गेली. मला राग आला. दादांचे ओले कपडे, खानावळीतले जेवण, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे, हे तिला दिसत नाही का, असे मनात आले. पुष्कळ वर्षांनी उमगले की, तिला ते दिसत होते. मलाच तिचे दिसत नव्हते. वाड्याच्या वाट्याचे पाणी, दुसऱ्याच्या रानातली खुरपणी, मनिऑर्डर चुकली की दुकानदाराचे बोलणे, वस्तीवर एकटी बाई म्हणून रात्री दाराला लावलेला दगड. हे सगळे गावावर राहणे होते. गाण्यात जो शब्द विरहाचा आहे तो तिच्यासाठी रोजच्या कामाचा होता.

मैना मुकी नव्हती. ती जात्यावर बोलत होती. माझी आई पहाटे दळताना ओव्या म्हणायची. मुंबईला गेलेल्या धन्याची, भावाची, आणि छप्पन्न सालानंतर भीमरायाची. तिच्या ओवीत मुंबई ही माणसे गिळणारी होती आणि बाबासाहेब माहेरच्या माणसासारखे होते. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० च्या दशकापासून खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत दलित बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्यांचा मोठा साठा आहे. शाहिराच्या गाण्यात जात गप्प आहे, बाई गप्प आहे. जात्यावरच्या ओवीत दोन्ही बोलतात. म्हणून माझे म्हणणे असे की, ‘माझी मैना’चा अर्थ एकट्या ‘माझी मैना’त सापडणार नाही. तो या गाण्याच्या शेजारी ती ओवी ठेवली तरच सापडेल. आपल्या समीक्षेने शाहिरी आणि ओवी अशी दोन दालने केली, एक पुरुषांचे आणि एक बायकांचे, आणि मधली भिंत पाडलीच नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो कधी मिटलाच नाही. अडीच लाखांच्या घरातले कामगार देशोधडीला लागले. दादा गावी परतले ते ट्रंक घेऊन. म्हणजे गाण्यातली भेट आमच्या घरात अखेर झाली. पण ती विजयाने झाली नाही, गिरणी बंद पडल्याने झाली. गावात त्यांना जमीन नव्हती. वाडा होता तिथेच होता. उरलेली वर्षे ते ओट्यावर बसून असत. गाणे म्हणायचे त्यांनी सोडून दिले होते.

आज गिरणगावात चाळींच्या जागी टोलेजंग इमारती उभ्या आहेत आणि महाराष्ट्र दिनी तिथल्याच मैदानात ‘माझी मैना’ गाजते. ते गाजू द्यावे. पण आपल्या मंडपातही ते आता आले पाहिजे, जयंतीच्या रात्री, वामनदादांच्या गाण्यांच्या बरोबरीने. मांगाचे म्हणून बाजूला ठेवलेले गाणे आपले म्हणून म्हटल्याखेरीज आपल्या जातिअंताच्या भाषेला वजन येणार नाही. आणि ते म्हणून झाले की डफ खाली ठेवावा आणि मंडपातल्या एखाद्या म्हातारीला जात्यावरची ओवी म्हणायला सांगावे. ज्या बाया त्या म्हणू शकतात त्या आता थोड्या उरल्या आहेत. माझी आई गेली तेव्हा तिच्या ओव्यांतल्या चारच माझ्या वहीत होत्या. बाकीच्या मी लिहून घेतल्या नाहीत. मी त्या वेळी शाहिरीवर लेख लिहीत होतो.